घरचा कॉम्प्युटर सुरक्षित करताना: अँटिव्हायरस विकत घेण्याआधीची कामं

घरात नवा कॉम्प्युटर आला की पहिला प्रश्न ठरलेला: 'अँटिव्हायरस कुठला टाकायचा?' प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. घरगुती मशीनमध्ये शिरलेल्या व्हायरसला बहुतेक वेळा घरातल्याच कुणीतरी दार उघडलेलं असतं. कधी फुकटच्या फॉन्टसाठी, कधी क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसाठी, कधी झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवरच्या एका डबल क्लिकने. दार उघडणाऱ्याकडे मशीनचे सगळे अधिकार असतात, म्हणून आत आलेल्यालाही ते सगळे मिळतात. खालच्या पायऱ्यांचा रोख एवढाच आहे की कुणाचं बोट चुकीच्या जागी पडलंच, तर नुकसान किती व्हावं याची हद्द आधीच आखून ठेवायची.

लेख विंडोज ११ धरून लिहिला आहे. मेनूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत. बॅकअप कॉपी होण्याचा वेळ सोडला तर एका दुपारचं काम आहे.

जवळ काय हवं

- बाहेरची हार्डडिस्क. १ टीबी बहुतेक घरांना पुरते, व्हिडिओ खूप असतील तर २ टीबी
- ८ जीबी किंवा मोठा एक रिकामा पेनड्राइव्ह, विंडोज नव्याने टाकायची वेळ आली तर
- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड. त्याला जोडलेला मोबाईल नंबर अजून चालू आहे ना, हेही पाहून घ्या
- राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो
- एक वही. कागदाचीच

वहीत पहिली नोंद करायची ती ४८ आकड्यांच्या रिकव्हरी कीची. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (विंडोजच्याही आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं की मशीन निळ्या पडद्यावर ही की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर, तुमच्या डिव्हाइसच्या पानावर सापडते. लॅपटॉप दुरुस्तीला टाकायच्या आधी उतरवून घ्या, नंतर घोडं तिथेच अडतं.

१. विंडोज कुठलं आहे ते आधी पाहा

सेटिंग्ज → सिस्टीम → अबाउट. तिथे 'विंडोज १०' दिसलं तर बाकीच्या पायऱ्यांआधी याचा निकाल लावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्स देऊ केली आहेत. मशीनवर २२एच२ आवृत्ती असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर त्यासाठी 'एनरोल नाऊ' दिसतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उठू देणारी सोय) लागतं. टीपीएम अनेक मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये बंद असतं, त्यामुळे 'तुमचं मशीन चालणार नाही' हा निरोप आला म्हणून लगेच नवा लॅपटॉप घ्यायला धावू नका. प्रोसेसर मात्र जुना असेल, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, तर साधारणपणे अधिकृत मार्ग नाही.

असेंबल केलेल्या मशीनवर विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट करून' दिलेलं असेल तर ते कसं केलं हे विचारा. अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्स न घेता विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, कारण तो त्याला पकडतो. म्हणजे मशीनचा पहिलाच दिवस पहारेकऱ्याला रजा देऊन उजाडलेला असतो. अशा मशीनवर खालचं सगळं करूनही भरवसा धरता येत नाही. लायसन्स घेऊन कोरं विंडोज टाकणं हाच मार्ग.

२. बॅकअप, आणि तोही वायर काढून

हार्डडिस्क जोडा. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आणि डी ड्राइव्हवर जे काही साठलं असेल ते कॉपी करा. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं डेटा फोल्डर कुठे आहे ते आत शिरून बघा. ते डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही. कॉपी झाल्यावर डिस्क 'इजेक्ट' करून कपाटात ठेवा.

डिस्क कायम जोडून ठेवणं ही इथली नेहमीची चूक. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीसाठी फायली अडवणारा व्हायरस, फायली कुलूपबंद करतं तेव्हा त्याला ड्राइव्हची जी जी अक्षरं दिसतात ती सगळी घेतं, बॅकअपची डिस्क धरून. क्लाउडचंही तसंच: फोल्डर सिंक होत असेल तर बिघडलेली फाईलही इमानदारीने वर चढते. गूगल ड्राइव्ह फायलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस राखून ठेवतं, तेवढ्या अवधीत लक्षात आलं तर वाचलात.

महिन्यातून एकदा, पगाराच्या किंवा वीजबिलाच्या तारखेला जोडून हे करा. आणि प्रत्येक वेळी बॅकअपमधल्या दोन-तीन फायली खरोखर उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप बॅकअप म्हणून धरू नये.

३. रोजच्या अकाउंटचे अधिकार काढून घ्या

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. विंडोज पहिल्यांदा सुरू करताना जे अकाउंट बनतं ते 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असतं आणि घरातले सगळे वर्षानुवर्षं तेच वापरतात. अशा अकाउंटवर काही इन्स्टॉल होताना पडदा काळवंडतो आणि फक्त 'यस' की 'नो' विचारलं जातं. सवयीचं बोट 'यस'वर जातं. अकाउंट 'स्टँडर्ड' असेल तर त्याच जागी पासवर्ड मागितला जातो, आणि पासवर्ड आठवेपर्यंत माणूस काय चाललंय ते वाचतो.

क्रम मात्र असाच ठेवा:

- सेटिंग्ज → अकाउंट्स → अदर यूजर्स → अ‍ॅड अकाउंट.
- पुढच्या खिडकीत मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागतील. तिथे 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि मग 'अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा.
- नाव इंग्रजी अक्षरांत द्या. देवनागरीत दिलं तर सी ड्राइव्हवरचं त्या अकाउंटचं फोल्डरही देवनागरीत बनतं आणि काही जुनी सॉफ्टवेअर त्यावर अडखळतात.
- पासवर्ड आणि तीन सुरक्षा प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. उत्तरं खरी असण्याची गरज नाही. आईचं माहेरचं आडनाव अर्ध्या गावाला ठाऊक असतं.
- नव्या अकाउंटवर 'चेंज अकाउंट टाइप' करून त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर बनवा.
- साइन आउट करून त्या नव्या अकाउंटने एकदा आत शिरून पाहा. पासवर्ड चालतोय याची खात्री झाल्यावर तिथूनच जुन्या, रोजच्या अकाउंटला 'स्टँडर्ड यूजर' करा.

नवा पासवर्ड तपासण्याआधीच जुन्या अकाउंटचे अधिकार काढले आणि तो पासवर्ड चालला नाही, तर मशीनवर एकही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हाताशी राहत नाही आणि मग बाहेरून माणूस बोलवावा लागतो. फायली, डेस्कटॉप, वॉलपेपर सगळं जागच्या जागी राहतं. पहिल्या आठवड्यात 'सारखा पासवर्ड मागतंय' अशी तक्रार घरातून येईल. ती येऊ द्या.

याने काय होत नाही तेही सांगायला हवं. स्टँडर्ड अकाउंटमध्ये चाललेला व्हायरस त्या अकाउंटमधले फोटो आणि ब्राउझरमधले पासवर्ड वाचू शकतोच. तो विंडोजच्या मुळाशी बसत नाही आणि अँटिव्हायरस बंद पाडू शकत नाही, एवढी कमाई.

४. विंडोजचाच डिफेंडर नीट लावा

घरगुती वापराला विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर पुरतो. पैसे देऊन दुसरा घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पुण्याच्या क्विक हीलपासून पर्याय भरपूर आहेत. पण एका वेळी एकच. दुसरा टाकला की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. लॅपटॉपसोबत चाचणीपुरता आलेला अँटिव्हायरस मुदत संपल्यावर नुसता लटकत राहिलेला असतो. तो काढून टाका आणि मशीन रीस्टार्ट करून डिफेंडर पुन्हा चालू झाला का ते बघा.

विंडोज सिक्युरिटी उघडा → व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन → मॅनेज सेटिंग्ज. रिअल-टाइम, क्लाउड-डिलिव्हर्ड आणि टॅम्पर प्रोटेक्शन, तिन्ही चालू. त्याच पानाच्या तळाशी 'एक्सक्लूजन्स' आहे, तिकडे सहसा कुणी बघत नाही. ही यादी म्हणजे 'इथे तपासू नको' असं डिफेंडरला सांगितलेल्या जागा. घरगुती मशीनवर ती रिकामी असायला हवी. क्रॅक आणि अनेक व्हायरस आत आल्या आल्या इथे आपलं फोल्डर, कधी तर अख्खा सी ड्राइव्ह लिहून ठेवतात, आणि मग 'स्कॅन केलं, काही सापडलं नाही' हे खरंच असतं.

'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' खाली नको असलेल्या अ‍ॅप्सना अडवण्याचे दोन्ही चौकोन टिक करा.

'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. यात दोन गोम आहेत. आपल्याकडे फोटो डी ड्राइव्हवर ठेवायची पद्धत आहे आणि डी ड्राइव्ह या यादीत आपोआप येत नाही. फोल्डर हाताने जोडावं लागतं. दुसरं, जुनी डीटीपी किंवा स्कॅनरची सॉफ्टवेअर 'सेव्ह होत नाही' म्हणून कुरकुरतील. त्यासाठी सगळं बंद करू नका, तेवढ्या एका प्रोग्रामला 'अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप'मधून परवानगी द्या.

५. अपडेट्स

वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने १२ मे २०१७ पासून जगभर मशीनं बंद पाडली. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. मधल्या दोन महिन्यांत 'रिमाइंड मी लेटर' दाबत बसलेले सापडले.

विंडोज अपडेटमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' आपल्या कामाच्या वेळेनुसार लावा, म्हणजे ऐन ऑनलाइन क्लासमध्ये मशीन रीस्टार्ट होणार नाही. ब्राउझर आपोआप अपडेट होतो, पण तो बंद करून उघडल्याशिवाय नवी आवृत्ती लागू होत नाही. पन्नास टॅब महिनाभर उघडे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. विनरार तर आपण होऊन अपडेट होतच नाही, आणि २०२३ आणि २०२५ मध्ये त्यातल्या फटींचा हल्लेखोरांनी वापर केला आहे. विंडोज ११ आता झिप आणि आरएआर दोन्ही स्वतःच उघडतं, तेव्हा विनरार काढूनच टाका.

६. डाउनलोड: फॉन्ट, कीबोर्ड आणि खोटा 'मी रोबोट नाही'

आधी फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू → शो → 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' टिक करा. विंडोज मुळात नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाईल 'बिल.पीडीएफ' म्हणून दिसते आणि चित्रही पीडीएफचंच लावलेलं असतं. शेपूट ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके किंवा आयएसओ असेल तर ते बिल नव्हे, आयकराची नोटीसही नव्हे.

मराठी माणसाचं घरचं मशीन दोन गोष्टींच्या शोधात हमखास भलत्या साइटवर जातं. पहिली म्हणजे लग्नपत्रिकेसाठी, बॅनरसाठी फुकट मराठी फॉन्ट. फॉन्टची फाईल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, फार तर झिपमध्ये बांधलेली. फॉन्टसाठी 'सेटअप' चालवायला सांगितलं की तिथूनच मागे फिरा. यूनिकोड फॉन्ट हवे असतील तर गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे पुष्कळ आहेत.

दुसरी, मराठी टायपिंग. गूगलचं विंडोजवर चालणारं ऑफलाइन इनपुट टूल गूगलने कधीच काढून घेतलं. आज 'गूगल मराठी इनपुट ऑफलाइन' म्हणून जे मिळतं ते तिसऱ्याच कुणीतरी चढवलेलं असतं. टायपिंगचं सॉफ्टवेअर तुमची प्रत्येक दाबलेली की वाचतं, तेव्हा ते कुणाकडून घेतो याला महत्त्व आहे. आणि गरजही नाही: मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज अँड रिजन → अ‍ॅड अ लँग्वेज → मराठी. मग मराठीच्या 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये 'मराठी फोनेटिक' जोडा. विंडोज की आणि स्पेस दाबली की भाषा बदलते. 'नमस्कार' रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरीत उमटतं.

सॉफ्टवेअर शोधताना निकालांत सगळ्यात वर जे येतं ते बरेचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं सोडून खाली या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळत असेल तर तिथूनच घ्या.

आता सध्याचा सगळ्यात धूर्त प्रकार. एखादं पान 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणतं. चौकोनावर टिक केलं की सूचना येतात: विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. टिक करताच पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे) एक आज्ञा ठेवलेली असते. या तीन कृतींनी ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. फाईल डाउनलोड झालेली दिसत नाही, विंडोजचाच पॉवरशेल (लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) काम करतो, म्हणून अँटिव्हायरसला कधी कधी उशिरा कळतं. काही सेकंदांत ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (पुन्हा पासवर्ड न विचारता साइट आत घेते त्या खुणा) बाहेर जातात. खरा कॅप्चा चित्रं निवडायला सांगतो, अक्षरं लिहायला सांगतो. ब्राउझरच्या बाहेर काहीही दाबायला कधीच सांगत नाही. हे एवढं वाक्य घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

७. पेनड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हवर सगळे फोल्डर गायब आणि ड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट दिसतो? फायली गेलेल्या नाहीत, लपवलेल्या आहेत. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की फायली उघडतातही, म्हणून संशय येत नाही. पण त्याच क्लिकने व्हायरस तुमच्या मशीनवर उतरतो.

तो शॉर्टकट शिवू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. मग व्ह्यू → शो → 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स'ची टिक काढा, कारण फायलींना सिस्टीमचा शिक्का मारलेला असतो. फोटो आणि कागदपत्रं तेवढी उचला, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, टिक परत लावा.

यापुढे दुकानासाठी एक छोटा पेनड्राइव्ह वेगळा काढा. त्यावर छापायची पीडीएफ सोडून काही नको, घरी आल्यावर सरळ फॉरमॅट. 'ऑटोप्ले'ही बंद करा: सेटिंग्ज → ब्लूटूथ अँड डिव्हायसेस → ऑटोप्ले. आधार छापायचं असेल तर शेवटचे ४ आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार न्या, मूळ फाईल दुकानाच्या मशीनवर राहून जाते.

८. ब्राउझर

उजव्या कोपऱ्यातून 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस' असे निरोप उगवत असतील तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. कधीतरी कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशनची 'अलाऊ' दिलेली असते. क्रोममध्ये सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स, आणि अनोळखी नावं उडवा. एक्स्टेन्शन्सच्या यादीतही हाच न्याय लावा.

पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारं, 'मायक्रोसॉफ्ट'चा फोन नंबर देणारं पान आलं तर तेही नुसतं वेबपेज असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर' दाबू नका. नंबर लावला तर पलीकडचा माणूस एनीडेस्क किंवा तसलंच, दुरून मशीन चालवू देणारं काहीतरी टाकायला सांगेल. तिथून पुढे मशीन त्याचं.

९. राउटर

लेबलवर दिलेला पत्ता, सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाका. अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करा, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. वायफायचा पासवर्ड तुमचा मोबाईल नंबर असेल तर तोही बदला. टीव्ही आणि सीसीटीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाका.

१०. तरीही शिरलाच तर

वायफाय बंद करा, राउटरची वायर काढा. पासवर्ड बदलायचे ते याच मशीनवरून बदलू नका. नवे पासवर्डही त्याच्याच हाती जातील. फोनवरून बदला: आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. कुकीज चोरीला गेल्या असतील तर चोराला पासवर्ड लागतच नाही, म्हणून गूगल अकाउंटच्या 'युअर डिव्हायसेस'मधून अनोळखी आणि या मशीनचंही सत्र बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हायसेस तसेच.

पैसे गेले असतील तर स्कॅन वगैरे नंतर, आधी १९३० ला फोन आणि बँकेला कळवणं. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि खाते क्रमांक समोर हवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉटसह तक्रार नोंदवा.

मशीनसाठी: विंडोज सिक्युरिटी → स्कॅन ऑप्शन्स → 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज उठायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या साइटवरही फुकट साधनं आहेत. पण पासवर्ड चोरणारे व्हायरस काम उरकून स्वतःला पुसून टाकतात, त्यामुळे स्वच्छ आलेला स्कॅन म्हणजे काही झालंच नाही असं धरू नका. अ‍ॅडमिन पासवर्ड देऊन चालवलेला व्हायरस असेल तर डागडुजीत वेळ न घालवता दुसऱ्या, चांगल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह तयार करा आणि विंडोज कोरं टाका. आधी सगळी अपडेट्स, मग पायरी ३, त्यानंतरच कपाटातली डिस्क जोडा. स्कॅन करून फक्त फोटो आणि कागदपत्रं परत आणा. जुन्या सेटअप फायली डिस्कवरच राहू द्या.

फायलींच्या नावांना भलतीच शेपटं लागली असतील आणि प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी असेल, तर ते रॅन्समवेअर. चिठ्ठी आणि फायली पुसू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम'च्या साइटवर चिठ्ठी आणि एक-दोन फायली चढवल्या की जात कळते, आणि किल्ली उपलब्ध असेल तर ती फुकट मिळते. क्रॅकमधून पसरणाऱ्या स्टॉप-डीजेव्हीयूसारख्या जातींत काहींच्या फायली सुटतात, काहींच्या नाही. मशीन त्या वेळी इंटरनेटला जोडलेलं होतं की नव्हतं यावर ते बरंचसं ठरतं. आज किल्ली नसेल तर कुलूपबंद फायली एका वेगळ्या डिस्कवर कॉपी करून, वर तारीख लिहून ठेवून द्या. काही जातींच्या किल्ल्या पुढे कधीतरी, टोळी पकडली गेल्यावर, बाहेर आल्या आहेत.